माळ आधी रिकामा होतो

१९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांचं एक छोटं टिपण आलं. पार्थेनियम हिस्टेरोफोरस नावाची अमेरिकी वनस्पती पुण्यात उगवलेली आढळते आणि भारतात तिची ही नवी नोंद आहे, इतकाच त्याचा आशय. आज ही वनस्पती कोणाला दाखवून द्यावी लागत नाही. गाजर गवत म्हणा, काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, रेल्वे रुळांलगत आणि गावाच्या गायरानात ती उभी असते. रस्त्याकडेच्या गाजर गवताचं आपण सगळेच बोलतो. गायरानातल्या गाजर गवताचं बोलतो ते फक्त मेंढरं राखणारे, आणि त्यांचं म्हणणं छापून येत नाही. हे प्रकरण त्या चराऊ माळाबद्दल आहे.

हे तण अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेल्या ‘पीएल-४८०’च्या गव्हातून आलं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र या गोष्टीला साथ देत नाहीत. पीएल-४८०चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये आणि पुण्यात रोप दिसलं ते त्याच्या आधी. १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ दिलेला सुमारे वीस लाख टन धान्याचा साठा भारतात आला होता. गव्हाला दोष द्यायचाच असेल तर त्या गव्हाकडे बोट दाखवता येईल. पण खरं सांगायचं तर बी कोणत्या पोत्यातून आलं यापेक्षा ते पडलं तिथे काय परिस्थिती होती, हा प्रश्न मोठा आहे. त्याचं उत्तर शोधायला पुण्यापेक्षा ऑस्ट्रेलिया सोयीचा, कारण तिथे हा सगळा प्रकार जणू प्रयोग म्हणून मांडल्यासारखा घडला.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात टूगूलावा नावाच्या गावाजवळ हीच वनस्पती १९५५ मध्ये सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या विमानांबरोबर आणि यंत्रसामग्रीबरोबर ती आली असावी, असं तिथले तज्ज्ञ मानतात. ती तिथेच जवळपास रेंगाळली. दुसरी खेप आली १९६० मध्ये, शेकडो किलोमीटर उत्तरेला क्लेरमाँटच्या गुरांच्या मुलखात. या वेळी वाहन होतं टेक्सासहून मागवलेलं कुरणाचं बियाणं. चारा सुधारावा म्हणून आणलेल्या बियाण्यातच गाजर गवताचं बी मिसळलेलं होतं. आणि तरीही पुढची बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. दोन-चार ठिकाणी रोपं होती, पशुपालकांना ती ठाऊक होती, कोणी मनावर घेतलं नाही. १९७० च्या दशकात दुष्काळ आला, उपाशी गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्लं आणि मग चांगला पाऊस झाला. जमीन ओली, मोकळी आणि दावेदार कोणी नाही. त्या पावसानंतर मध्य क्वीन्सलँडमधली कुरणं पांढऱ्या फुलांनी भरली. आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत गाजर गवताचं नाव आहे.

बी तेच, जमीन तीच. मधल्या काळात बदललं ते गवताचं आच्छादन.

आपल्याला क्वीन्सलँड दूरचं वाटतं, पण गवताच्या भाषेत ते शेजारीच आहे. उन्हाळी पाऊस, लांब कोरडा काळ, काळ्या जमिनीचे पट्टे हे तिथेही आहे. आपल्या माळावर धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटणारी कुसळी, म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, तिथल्या कुरणांवरही अगदी तीच प्रजाती म्हणून उगवते. आपल्या मारवेलचे सख्खे भाऊबंद तिथे ‘ब्लूग्रास’ या नावाने ओळखले जातात. त्यामुळे तिथल्या गुराख्याने जे भोगलं आणि त्यातून जे शिकला, ते आपल्या माणदेशात किंवा नगर-सोलापूरच्या माळावर अगदीच परकं ठरत नाही.

आता गवत कसं हरतं ते पाहू. दख्खनच्या माळावरचं चांगलं गवत बहुवर्षायू असतं. पवन्या, मारवेल, डोंगरी, अंजन ही सगळी अशी गवतं. वरचं पान उन्हाळ्यात वाळलं तरी बुंधा आणि मुळं जिवंत राहतात. मृगाच्या सरी पडल्या की बुंध्यातल्या साठ्यावर नवे कोंब फुटतात. ही पहिली फूट गवतासाठी उधारीची असते. पानं मोठी होऊन सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवू लागली की साठा परत भरायला लागतो. पण नेमकी हीच कोवळी फूट जनावराला सर्वांत गोड लागते. एकदा खाल्ली तर गवत पुन्हा फुटतं, दुसऱ्यांदाही फुटतं. आठवड्या-पंधरवड्याने तोच बुंधा पुन्हा पुन्हा खाल्ला जात राहिला तर मुळं आखडतात, बुंधा बारीक होतो आणि एखाद्या उन्हाळ्यात मरून जातो. त्याची हातभर जागा उघडी पडते.

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरातल्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ मध्ये भारताच्या तृणाच्छादनावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार पाडले. दख्खनचं पठार येतं ते पवन्या आणि मारवेल यांच्या गटात. चराईचा ताण वाढत गेला की हा माळ पायरी-पायरीने कसा उतरतो, हेही त्या पाहणीतून पुढे आलं. आधी पवन्या आणि मारवेल मागे हटतात, कुसळी पुढे सरकते. ताण तसाच राहिला तर कुसळीही विरळ होते आणि तिच्या जागी ॲरिस्टिडासारखी वर्षभराच्या आयुष्याची, पोषण नसलेली गवतं येतात. शेवटी उरतो मुरूम. तणाची गोष्ट बहुतेक पुस्तकांत तण येण्यापासून सुरू होते. ती या उतरणीच्या पहिल्या पायरीपासून सांगायला हवी.

गाजर गवताला हवी असते ती हीच उघडी हातभर जागा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशासारखं ते वागतं, पण रुमाल टाकायला सीट रिकामी लागते. बी उगवलं की आधी पानांचा एक चपटा गोल जमिनीलगत पसरतो, त्याच्या सावलीत दुसरं बी तगत नाही. त्याच्या पानांत, मुळांत आणि फुलांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते आजूबाजूच्या बियांच्या उगवणीला आणि रोपांच्या वाढीला अडवतं. ओल असेल तर साधारण महिनाभरात ते फुलावर येतं. एका चांगल्या रोपावर पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. पावसाच्या एका मोसमात दोन-तीन पिढ्या सहज निघतात. पृष्ठभागावर पडलेलं बी लवकर उगवतं किंवा मरतं, पण मातीत गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून एकदा सगळं उपटलं की काम झालं, असं कधीच होत नाही. नांगरटीने खालचं बी वर येतं आणि वरचं खाली जातं, म्हणजे माळ नांगरून तण संपवायला जाणारा माणूस पुढच्या काही वर्षांची तजवीज करून ठेवतो.

यात जनावराची भूमिका विचित्र आहे. मेंढी, गाय, म्हैस शक्य तोवर गाजर गवताला तोंड लावत नाहीत. ते कडू असतं आणि विषारीही. चाऱ्यात त्याचं प्रमाण मोठं झालं तर गुरं दगावतात, हे भारतातल्याच प्रयोगांत दिसलं आहे. थोडं खाल्लं तरी दुधाला कडवटपणा आणि मटणाला वास येतो. म्हणजे जनावर गवत वेचून खातं आणि तण तेवढं सोडतं. रोज. शंभर मेंढ्यांचा कळप एकाच माळावर महिनाभर अडकला तर तो नकळत गाजर गवताची निंदणी करत असतो. त्याच्या भोवतीचं सगळं काढून त्याला मोकळं करून देतो. माणसाला होणारा त्रास तर जुना आहे. १९७० च्या दशकातच पुण्यातल्या रुग्णांमध्ये या वनस्पतीने होणाऱ्या त्वचादाहाचा अभ्यास झाला होता. चेहरा, मान, हाताचे कोपरे सुजतात, कातडी जाड होते आणि काहींना दमाही लागतो.

मग उपाय काय? या प्रश्नावर सगळ्यांना आधी आठवतो तो किडा. मित्रकीटक आणायचा, तो तण खाईल, आपण बघत बसायचं. या कल्पनेचा मोह पडावा असा तिचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात भारतात, तीही चुकीने झाली आहे. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरोहून निवडुंगावर जगणारे किडे कलकत्त्याला आणले. ईस्ट इंडिया कंपनीला त्यापासून किरमिजी रंग बनवायचा होता. रंग देणारा किडा होता वेगळा; नीलसनने आणला तो त्याचा कमअस्सल चुलतभाऊ. रंगाचा धंदा बुडाला, पण हा किडा उत्तर भारतातल्या निवडुंगाच्या एका जातीवर असा काही तुटून पडला की ती जातच विरळ झाली. मग तो जाणूनबुजून दक्षिणेत नेला गेला, पुढे श्रीलंकेत. तणावर किडा सोडून ते आटोक्यात आणण्याचं जगातलं हे पहिलं ठळक उदाहरण.

आणि इथून धागा पुन्हा क्वीन्सलँडला जातो. ऑस्ट्रेलियात पहिला निवडुंग १७८८ मध्ये कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबरच आला होता, हेतू तोच, लाल रंग. नंतर कुंपणाला, शोभेला म्हणून आणखी जाती आल्या. त्यातली एक इतकी माजली की १९२५ च्या सुमारास सुमारे ६ कोटी एकर जमीन तिने व्यापली होती. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ चार-पंचमांश. त्यातल्या निम्म्या भागात निवडुंग इतका दाट होता की गुरं आत शिरत नसत. आर्सेनिकचे फवारे झाले, रोलर फिरवून झाले. जमिनीच्या किमतीपेक्षा ती साफ करण्याचा खर्च जास्त होता, त्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं घरदार सोडून निघून गेली. १९१२ ते १९१४ या काळात क्वीन्सलँड सरकारने जगभर किडे शोधायला दोन शास्त्रज्ञांचा आयोग पाठवला. तो भारत आणि श्रीलंकेतही येऊन गेला. नीलसनच्या किड्याचे वंशज असे ऑस्ट्रेलियात पोचले आणि त्यांनी निवडुंगाची एक जात संपवलीही. पण मुख्य जात त्यांना दाद देईना. अखेर १९२५ मध्ये ॲलन डॉड या कीटकशास्त्रज्ञाने अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची सुमारे २,७५० अंडी आणली. त्यांची पैदास करून पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी अंडी वाटली गेली. शेतकऱ्यांनी अंड्यांचे कागद निवडुंगावर टाचून लावायचे. अळ्या पानाच्या आत शिरून गर खात आणि निवडुंग आतून सडून कोसळे. १९३३ पर्यंत दाट रानं आडवी झाली होती. चिंचिलाजवळच्या बूनार्गा गावात लोकांनी १९३६ मध्ये सार्वजनिक सभागृह बांधलं आणि त्याला या पतंगाचं नाव दिलं. ते आजही उभं आहे.

आपल्याकडेही १९२६ मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या एका किड्याने दक्षिण भारतातल्या फड्या निवडुंगाचा मोठा भाग काही वर्षांतच साफ केला. त्यामुळे किडा म्हणजे हुकमी इलाज, ही समजूत पक्की झाली. पण त्याच कॅक्टोब्लास्टिसला १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर नेलं गेलं, तिथून तो १९८९ मध्ये फ्लोरिडात पोचला आणि अमेरिकेतल्या स्थानिक निवडुंगांना खाऊ लागला. मेक्सिकोत निवडुंग हे अन्न आहे, पीक आहे; तिथे या पतंगाची धास्ती घेतली जाते. एका देशात ज्याचं सभागृह आहे त्याच्याविरुद्ध दुसरा देश पहारे बसवतो.

गाजर गवतासाठी मेक्सिकोतून जो भुंगेरा आला तो झायगोग्रामा बायकोलोराटा. फिकट पिवळसर पंखांवर तपकिरी पट्टे, आकाराने ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. शेतकऱ्यांमध्ये त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणतात. क्वीन्सलँडमध्ये तो १९८० मध्ये सोडला गेला आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं त्याचा प्रभाव जाणवलाच नाही. भारतात १९८३ मध्ये आणून, तपासून, १९८४ मध्ये तो बंगळूरला सोडला गेला; तिथे मात्र तीन-चार वर्षांतच त्याने गाजर गवताची पानं चाळणीसारखी करून टाकली. मग १९९० च्या सुमारास सूर्यफुलाच्या शेतात तो दिसला आणि गदारोळ झाला. तण खायला आणलेला किडा पीक खाणार, अशी भीती पसरली. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेतल्या के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी शोधून काढलं ते मोठं गमतीचं आहे. शेजारच्या गाजर गवताचे परागकण वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि त्या चवीला भुलून भुंगेरा पान कुरतडत होता. सूर्यफुलावर त्याचा संसार उभा राहत नव्हता. भीती ओसरली, पण त्या काळात नव्याने भुंगेरे सोडण्याच्या कामाला खीळ बसली.

आज हा भुंगेरा महाराष्ट्रातही पुष्कळ ठिकाणी आपोआप दिसतो. त्याचं वेळापत्रक मात्र पावसाचं आहे. कोरड्या दिवसांत तो मातीत झोपून असतो, जून-जुलैत वर येतो आणि त्याची संख्या वाढेपर्यंत गाजर गवताची पहिली पिढी फुलून गेलेली असते. शिवाय खाल्लेल्या रोपांची जागा भरायला शेजारी कोणी नसेल तर पुढची ओल पडताच तिथे गाजर गवतच उगवतं. क्वीन्सलँड विद्यापीठात स्टीव्ह ॲडकिन्स यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं. गाजर गवताशी झुंज देऊ शकतील अशा चाऱ्याच्या वनस्पती त्यांनी त्याच्या शेजारी वाढवल्या; त्यांत अंजन गवत होतं आणि आपला गोकर्णही होता. या वनस्पतींनी एकट्यानेही तणाला दाबलं, पण किडे आणि दाट शेजार एकत्र आले तेव्हा गाजर गवत खरं खचलं. किडा रोपाला अशक्त करतो, गवत त्याची जागा घेतं. दोघांपैकी एकावर विसंबलं की काम अर्धं राहतं.

अंजन गवताबद्दल एक कंस. आपल्याकडचं हे उत्तम चारा गवत ऑस्ट्रेलियात कुरणांसाठी नेलं गेलं. गुरांच्या मुलखात त्याने पोट भरलं. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मात्र ते स्वतःच तण होऊन बसलं आहे, कारण ते दाट वाढतं, वाळतं आणि जिथे पूर्वी वणवे क्वचित लागत तिथे मोठे वणवे लागतात. आपल्याकडेही गाजर गवताला हटवायला धारवाडच्या भागात टाकळ्याचं भावंड असलेल्या एका अमेरिकी जातीचा पुरस्कार झाला. तिने काही जागी गाजर गवत हटवलं खरं, पण आता दख्खनच्या रस्त्यांकडेला तिचाच सुकाळ आहे आणि तिलाही जनावर खात नाही. तणाच्या जागी काय लावायचं हे ठरवताना चारा पोटात जाणार की नाही, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

फवारणीबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं. माळावर ते मारलं की तणाबरोबर उरलंसुरलं गवतही जातं आणि आपण पुन्हा मोकळी जमीन तयार करतो. २,४-डी रुंद पानांवर चालतं, गवताला सोडतं. पण माळावरच्या रानटी शेंगावर्गीय वनस्पती, ज्या चाऱ्याला कस आणतात, त्याही त्यात जळतात. मिठाच्या दाट द्रावणाचा सल्ला आपल्याकडे बराच प्रचलित आहे. बांधावर, पडक्या भिंतीलगत ठीक. चराऊ जमिनीत मीठ ओतणं हा उपाय मला पटत नाही. रसायन हे एखाद-दुसऱ्या नव्या ठिपक्यासाठी राखून ठेवण्याचं हत्यार आहे.

ठिपक्यांचा मुद्दा महत्त्वाचा, कारण इथे आपली सहजबुद्धी चुकते. गायरानाच्या एका कोपऱ्यात दोन एकर दाट गाजर गवत आहे आणि इतरत्र दहा-वीस ठिकाणी पाच-पाच रोपं आहेत. श्रमदानाला माणसं जमली तर कुठे जातील? दोन एकरांवर, तिथे काम केल्यासारखं दिसतं. १९८८ मध्ये मूडी आणि मॅक या दोन शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की प्रसार थांबवायचा असेल तर आधी बाहेरचे छोटे ठिपके मारणं जास्त फायद्याचं. मोठ्या पट्ट्याची वाढ फक्त त्याच्या कडेला होते. छोटे ठिपके मात्र सगळ्या बाजूंनी वाढतात आणि प्रत्येकाचा उद्या मोठा पट्टा होतो. म्हणून पाच रोपांकडे आधी जायचं, मोठ्या पट्ट्याची कड दरवर्षी थोडी आत ढकलायची. हे छोटे ठिपके येतात कुठून? क्वीन्सलँडमध्ये उत्तर स्पष्ट आहे: गाड्या, यंत्रं, दुष्काळात विकत आणलेला चारा आणि जनावरं. म्हणून तिथे गाड्या धुण्यासाठी खास धुलाई केंद्रं आहेत. आपल्याकडे मुरूम, वाळू, शेणखत आणि चारा वाहणाऱ्या ट्रक-ट्रॉल्या हेच काम करतात. बाहेरून आणलेला चारा सबंध माळावर पसरण्याऐवजी एकाच ठरलेल्या जागी टाकला, तर नवं तण कुठे उगवणार हे आधीच माहीत असतं.

तण म्हणजे फक्त छोटं रोप असंही नाही; झाडही तण होतं. कच्छमधलं बन्नी हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ मैदान. रणाचं मीठ पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने तिथे विलायती बाभूळ लावली, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो. तिच्या गोड शेंगा गुरं खातात, बी शेणातून पसरतं. गाजर गवत जनावराने टाळल्यामुळे वाढतं, तर ही जनावराने खाल्ल्यामुळे. काही दशकांत गवताच्या जागी काटेरी रान झालं. गायी हटल्या, म्हशी तगल्या, आणि लोकांनी बाभळीचा कोळसा पाडायला सुरुवात केली. आता तोडायची म्हटली तर कोळशावर जगणारी घरं विचारतात, आमचं काय. ठेवायची म्हटली तर मालधारी, म्हणजे तिथले पशुपालक, विचारतात, गवताचं काय. दोघांचंही बरोबर आहे, आणि बऱ्याचदा दोघं एकाच घरातले असतात. झाड मुळासकट काढलेल्या जागी गवत परत येतं, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण ती जागा राखली नाही तर शेणातून बी परत येतं.

बन्नीत जे झालं त्यामागची समजूत आपल्या माळांवरही राज्य करते: झाड नाही म्हणजे जमीन वाया. सरकारी नकाशात माळरानाला ‘पडीक’ हा शिक्का इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेपासून बसला आणि तो अजून निघालेला नाही. मग वनीकरण येतं. माळावर जेसीबीने चर खणले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली जाते, फोटो निघतात. शेकडो वर्षांचे गवताचे बुंधे त्या चरांत उलथतात आणि उघड्या मातीच्या बांधावर पहिल्या पावसात कोण उगवतं ते कोणीही जाऊन पाहावं. हिरवळ वाढवण्याच्या नावाखाली तणाला रान मोकळं करून देणारा याहून खर्चिक मार्ग मला माहीत नाही.

कळपांचाही प्रश्न आहे, पण दोष कळपाच्या माथी मारणं सोपं आणि चुकीचं. धनगरांची मेंढरं पूर्वी एका माळावर फार काळ टिकत नसत. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे, पावसाळ्यात परत कोरड्या पठारावर, आणि पठारावरही आज इथे तर उद्या तिथे. चरून गेलेल्या गवताला सावरायला वेळ मिळायचा. आता वाटेत उसाची शेतं, तारेची कुंपणं, औद्योगिक वसाहती आणि रस्ते आले. वाट अडली की कळप उरलेल्या तुकड्यावर जास्त दिवस थांबतो, आणि मग त्या तुकड्याची उतरण सुरू होते. गावाच्या गायरानाचंही तेच. अतिक्रमणाने निम्मं झालेलं गायरान पूर्वीइतक्याच गुरांनी चरायचं. मेंढपाळांच्या वाटा मोकळ्या ठेवणं हा तणनियंत्रणाचा कार्यक्रम म्हणून कोणत्याही सरकारी पत्रकात सापडणार नाही, पण तो आहे.

राखलेलं कुरण ही आपल्याकडची जुनी रीत. पावसाळाभर चराई बंद, गवत निसवून बी सांडलं की दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग जनावरं आत. सबंध गायरान बंद ठेवणं आज कोणत्याच गावाला परवडणार नाही आणि तसं सांगणाऱ्याला गावकरी उभं करणार नाहीत. पण त्याचे तीन-चार भाग करून दर पावसाळ्यात एक भाग राखला, पुढच्या वर्षी दुसरा, तर प्रत्येक भागाला काही वर्षांतून एकदा बी सांडायची संधी मिळते. जिथे बुंधे पूर्ण संपले आहेत तिथे मारवेलचे ठोंब किंवा पवन्याचं बी बाहेरून आणावं लागेल. ते जवळच्याच एखाद्या चांगल्या माळावरचं असावं. क्वीन्सलँडमध्येही पशुपालकांना दिला जाणारा मुख्य सल्ला यापेक्षा वेगळा नाही: पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीवर गवताचं आच्छादन असू द्या, गुरांची संख्या त्या हिशेबाने ठेवा.

जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. शाळा-महाविद्यालयांतून मुलं हातमोजे घालून गाजर गवत उपटतात. चांगलंच आहे, पण आपल्या माळावर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुष्कळशी रोपं फुललेली असतात आणि फुललेलं रोप उपटून तिथेच टाकलं की बी पडायचं ते पडतंच. तेव्हा तुमच्या गावात कोणी या कामाला उठणार असेल तर जुलैमध्ये उठा, पाऊस पडून जमीन मऊ असताना, फूल यायच्या आत. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, दमा किंवा अंगाला खाज असणाऱ्यांना या कामाला लावू नका. फुलाआधी उपटलेलं खतात जाऊ शकतं. फुललेलं खतात टाकू नका. आधी विखुरलेली रोपं, मग मोठ्या पट्ट्याची कड. आणि त्याच ग्रामसभेत, त्याच दिवशी, गायरानाचा कोणता भाग यंदा दिवाळीपर्यंत राखायचा तेही ठरवा. हे ठरवणं जमणार नसेल तर उपटायचे कष्ट घेऊ नका. दोन वर्षांत तण होतं तिथे परत येईल.